कंदील जळत होता

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात एक गाव आहे. नाव विचारू नका, कारण या गोष्टीतली विहीर त्या भागात कुणाच्याही शेतात निघेल. गावात हळद चांगली पिकते आणि पाणी दर वर्षी होळीच्या आधीच डोळे वटारतं. तिथे एक आबा राहत. वय पासष्टीला टेकलेलं. घरात वीज येऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी त्यांच्या पडवीत खुंटीला रॉकेलचा कंदील असे, काच पुसलेली, वात कापलेली. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हा त्यांनी दोन बाटल्या जपून ठेवल्या. नातवंडं हसत. आबा हसू देत.

त्या कंदिलाची गोष्ट १९७२ च्या दुष्काळातली. आबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. वाड्याच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. तोंड अरुंद, पोट मोठं, वर फरशी आणि फरशीवर माती. वऱ्हाडात मोठ्या घरांना असं पेव असे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर २००५ च्या महापुरात पाणी शिरेपर्यंत व्यापाऱ्यांच्या भरवशाची होती. पेवात मालाला कीड लागत नाही याचं कारण साधं आहे. धान्यही श्वास घेतं. बंद पेवातली ज्वारी आतला प्राणवायू हळूहळू संपवते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि सोंडे गुदमरून मरतात. ज्या हवेत सोंडा जगत नाही त्या हवेत माणसाचं काय होईल, हे त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही. घरात धान्य नव्हतं, घाई होती.

फरशी सरकवली आणि आबांचा थोरला भाऊ उतरला. उतरला तो ज्वारीवर बसल्यासारखा झाला. त्याला काढायला चुलता उतरला. दोघांना काढायला सालगडी उतरला. अकरा वर्षांचे आबा तोंडाशी उभे होते. तिघांपैकी एकानेही हाक मारली नाही.

हाक का मारली नाही, हे आबांना आयुष्यभर कळलं नव्हतं. ते आपण समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

श्वास आपण घेतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो आपल्याकडून घेतला जातो. मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, मणक्यात उतरण्याआधी, जो भाग आहे त्याला शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणतात. मेंदूच्या देठाचा हा सर्वांत खालचा तुकडा. त्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, आणि श्वासाची लय तिथे तयार होते. अमेरिकेतल्या जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेंदूच्या देठाची एक पातळ चकती काचेच्या भांड्यात ठेवली. फुप्फुस नाही, छाती नाही, उंदीरही नाही, तरी ती चकती श्वासाची लय देत राहिली. (त्या पुंजक्याला नाव मिळालं आहे ते जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून. शास्त्रज्ञही माणसंच.)

पण श्वास वाढवायचा कधी, हे त्या पुंजक्याला कुणीतरी सांगावं लागतं. हॅल्डेन आणि प्रिस्टले या दोघांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं की एरवी हे सांगणारा मुख्य निरोप प्राणवायूचा नसतोच, कार्बन डायऑक्साइडचा असतो. नाक दाबून धरलं की जीव कासावीस होतो तो साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायूवर लक्ष ठेवणारी जागा वेगळी आहे. मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते. रक्तातला प्राणवायू बराच उतरला की ती मस्तिष्कपुच्छाला निरोप धाडते आणि माणूस भराभर श्वास घेऊ लागतो. हे शोधून काढल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हायमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं.

ही व्यवस्था डोंगर चढणाऱ्याला पुरते, न्यूमोनियाच्या रोग्याला काही काळ पुरते. पेवात पुरत नाही. जिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच, तिथे घेतलेला प्रत्येक श्वास रक्तात उरलेला प्राणवायूही बाहेर ओढून नेतो. अशा वेळी जोरात श्वास घेणं म्हणजे लवकर मरणं. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. हाक मारायला लागतो तेवढाही वेळ मिळत नाही.

तिघांना माती दिल्यावर आबांच्या वडिलांनी घरात नियम घातला. पेव असो, आड असो, पडीक विहीर असो, आधी कंदील उतरेल, मग माणूस. हा नियम त्यांनी शोधलेला नव्हता, जुन्या माणसांना तो ठाऊकच होता. घाईत विसरला गेला होता इतकंच. नियम शहाणा आहे. आपल्या हवेत शंभरातले एकवीस भाग प्राणवायू असतो. तो सोळा-सतराच्या आसपास आला की ज्योत विझते, आणि माणूस अजून उभा असतो. म्हणजे माणूस पडायच्या आधी कंदील पडतो.

आता अलीकडच्या वर्षाकडे येऊ. माघ महिना होता. हळद काढायची बाकी आणि बोअरने दम तोडलेला. शेतात आजोबांच्या काळची एक विहीर होती, पस्तीस हात खोल. वर बाभळीच्या फांद्या आणि जुने पत्रे टाकून पंधरा-वीस वर्षं बुजवल्यासारखी ठेवलेली. गाळ काढला तर झरे मोकळे होतील, असं ठरलं. पत्रे काढले. आत पाला, पाणी, कुजलेला वास.

उतरणार कोण, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. शेत मालकाचं, पाणी मालकाचं, पण विहिरीत पहिला पाय सालगड्याच्या घरातला पडतो. इथेही सालगड्याचा वीस वर्षांचा पोरगा पँट गुडघ्यापर्यंत वर करून तयार उभा होता.

"कंदील आना," आबा म्हणाले.

धाकट्या नातवाने कपाळाला हात लावला. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, मोबाइल सुतळीच्या जाळीत बांधला आणि खाली सोडला. पस्तीस हातांवर पाण्यापर्यंत लख्ख उजेड पडला.

"आबा, पाहा. दिवा जळू राहिला ना तळापर्यंत!"

"थो जळत नाही बे," आबा म्हणाले. "थो उजेड पाडते."

कंदील आला. पंधरा हातांवर ज्योत लहान झाली, वीस हातांवर गेली. वर काढला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला, त्याच जागी पुन्हा गेला. कुणी हसलं नाही. पोराने पँट खाली केली.

मग दिवसभर हवा खेळवली. कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराने वरखाली केला, बादल्यांनी वरून पाणी मारलं, संध्याकाळी उफणणीचा पंखा आणून ताडपत्रीच्या नळीने वारा आत सोडला. आबांची थोरली नातसून आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. तिने आणखी एक अट घातली. उतरेल त्याच्या छातीला, काखेखालून, दोर बांधलेला पाहिजे आणि वर दोन माणसं दोर धरून पाहिजेत. आबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील तळापर्यंत जळत गेला.

इथे गोष्ट संपली असती, तर ती जुन्या लोकांच्या शहाणपणाची गोष्ट झाली असती. तशा गोष्टी आपल्याला आवडतात. पण विहिरीत कमरेएवढं पाणी होतं आणि ते उपसल्याशिवाय गाळ निघणार नव्हता. शेतातली लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. दिवसा मोटार चालणार नाही म्हणून शेजाऱ्याचं पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन आणलं. वर ठेवलेला पंप साधारण पंचवीस फुटांपलीकडून पाणी ओढू शकत नाही, ती हवेच्या दाबाचीच मर्यादा आहे. म्हणून इंजिन दोराने खाली सोडलं आणि पाण्याच्या वर हातभर असलेल्या कपारीवर बसवलं. शेजारी खडकाच्या खुंटीला कंदील टांगला. पोरगा पाण्यात उतरला, पाइप धरून उभा राहिला. आबा काठावर बसून कंदिलाकडे पाहत होते. कंदील जळत होता.

अर्ध्या तासाने खालून आवाज आला, "डोकं दुखू राहिलं भाऊ."

"रात्री जागला असशीन."

आणखी थोड्या वेळाने तो उगाच हसला. नंतर पाण्यात बसला, जसा दमलेला माणूस बसतो.

नातसून न्याहारी घेऊन शेतात आली ती याच वेळी. तिने इंजिनाचा आवाज विहिरीतून येताना ऐकला आणि टोपली टाकून धावली. धाकटा नातू चप्पल काढून पायऱ्यांकडे निघाला होता. आबांनी त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी विळखा घातला. पासष्टीच्या माणसात तेवढं बळ कुठून आलं, कोण जाणे.

"सोडा आबा, मरन थो!"

"तीन पाह्यले मी. चौथा पाहत नाही. दोर ओढा!"

दोर होता म्हणून ओढता आला. पाच माणसांनी पोराला वर घेतला. इंजिन खाली एकटंच चालत राहिलं आणि पेट्रोल संपल्यावर बंद पडलं. त्या क्षणापर्यंत, सगळ्यांनी पाहिलं, कंदील जळत होता.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. हवेच्या हजार भागांत तीन भाग झाला तरी अर्ध्या तासात जीव जाऊ शकतो, आणि हजारात तीन भागांनी ज्योतीला काही होत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, प्राणवायूला बसायला जागाच ठेवत नाही. आणि मानेतली ती तांदळाएवढी गाठ? तिच्यातून रक्त इतकं भरपूर वाहतं, की हिमोग्लोबिनवर बसलेला प्राणवायू तिला लागत नाही. रक्तात नुसता विरघळलेला प्राणवायू ती मोजते, आणि तो या विषबाधेत नेहमीइतकाच असतो. म्हणून ती गप्प राहते. धाप लागत नाही, छाती भरून येत नाही, माणूस डोकं दुखतं म्हणतो आणि बसतो. आबांचा कंदील आणि मानेतली गाठ एकाच जातीचे. ज्या धोक्यासाठी घडले तो धोका आला की इमानाने सांगतात, नवा आला की पूर्वीसारखंच "ठीक आहे" म्हणत राहतात.

पोराला बांधावर आडवं केलं. तो मधूनच एक मोठा आचका देई आणि पुन्हा निपचित पडे. "श्वास चालू आहे," कुणी म्हणालं. नातसून म्हणाली, "हा श्वास नाही." तिचं बरोबर होतं. प्राणवायू फारच कमी पडला की मस्तिष्कपुच्छ नेहमीची लय सोडतं आणि शेवटचा उपाय म्हणून असे आचके देतं. नवजात बाळ कधीकधी त्यावर स्वतःहून सावरतं, मोठ्या माणसाने त्या भरवशावर राहू नये. तिने मानेवर नाडी पाहिली. नाडी लागत होती. न रडणाऱ्या बाळांना श्वास द्यायचं प्रशिक्षण तिने घेतलेलं होतं. तिने पोराचं डोकं मागे केलं, नाक दाबलं आणि तोंडाने श्वास देऊ लागली, पाच-सहा सेकंदांना एक. चपला हुंगवू पाहणाऱ्या एका काकांना तिने हातानेच बाजूला केलं. काही मिनिटांनी छाती आपली आपण उचलली जाऊ लागली.

मग तिच्या पर्समधून कुणीतरी ऑक्सिमीटर काढून पोराच्या बोटाला लावला. २०२१ च्या फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्याच देगावच्या वसतिगृहात सव्वादोनशेहून अधिक विद्यार्थी एकदम कोरोनाबाधित निघाले होते, तेव्हापासून ते यंत्र तिच्या पर्समध्येच असे. त्या साथीत लोकांनी पाहिलं होतं की माणूस खाटेवर बसून बोलतोय आणि यंत्र ऐंशी दाखवतंय. शरीर गप्प असताना यंत्राने खरं सांगितलं होतं. साहजिकच गावाचा त्या यंत्रावर देवासारखा विश्वास. आकडा आला, ९८.

"अठ्ठ्याण्णव! काई नाही झालं बाप्पा!"

"काढा ते," ती म्हणाली.

ते यंत्र रक्ताचा रंग पाहून हिशोब करतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, आणि यंत्र त्यालाच प्राणवायू समजतं. कोरोनात ज्याने खरं सांगितलं तेच इथे खोटं बोलत होतं. गाठ, कंदील, यंत्र, तिघांनीही एकाच सकाळी एकच चूक केली.

माघाची सकाळ, पोरगा कमरेपर्यंत भिजलेला, अंग गार. आणि तरी तो कुडकुडत नव्हता. आजीने शेगडी पेटवायला सांगितली. नातसुनेने ओले कपडे काढायला लावले, कोरडी घोंगडी टाकली आणि शेगडी नको म्हणाली. कोळशाची शेगडी तोच वायू सोडते. पण न कुडकुडण्याचं कोडं वेगळं आहे. प्राणवायू कमी पडला की मेंदू श्वास वाढवतो, तसंच आणखी एक काम करतो. उष्णता निर्माण करणं कमी करतो. थंडीत अंगाला कंप आणणारे किंवा तान्ह्या बाळाची तपकिरी चरबी जाळणारे जे निरोप जातात, ते मस्तिष्कपुच्छाच्या मध्यभागी असलेल्या पेशींतून जातात, आणि टंचाईत तेच आवरले जातात. अंगाचं तापमान एक अंश उतरलं की प्राणवायूची गरज सहा ते दहा टक्क्यांनी घटते. लहान प्राण्यांत आणि बाळांत हे फार ठळक दिसतं. थंडी असूनही न कुडकुडणं, हे त्या वेळी शरीराने केलेलं काटकसरीचं काम असतं.

मग गार करणं हाच उपाय का नाही? पाश्चात्त्य रुग्णालयांत जन्मताना गुदमरलेल्या बाळांना ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवतात आणि त्याने जीव वाचतात. तोच उपाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला. २०२१ मध्ये निकाल आला. गार केल्याने फायदा झाला नाही, उलट त्या गटात मृत्यू जास्त झाले. तिथला नियम इथल्या बाळांना लागू पडला नाही. नियम कुठे आणि कशासाठी घडला हे न पाहता तो उचलून आणला की काय होतं, याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

१०८ ची रुग्णवाहिका आली, डॉक्टर उतरले. नातसुनेने पहिलं वाक्य सांगितलं, "विहिरीत इंजिन चालू होतं." त्या एका वाक्याने डॉक्टरांनी ऑक्सिमीटरकडे पाहिलं नाही. मास्क लावून पूर्ण जोराने प्राणवायू सुरू केला. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर दीड तासाच्या आत. वाशिमच्या रस्त्यावर, अर्धं अंतर गेल्यावर, पोरगा कुडकुडू लागला. दात वाजू लागले. त्याची आई घाबरून रडली. नातसुनेच्या चेहऱ्यावर मात्र सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. प्राणवायू परत पोचला होता आणि मेंदूने अंग तापवायचं काम पुन्हा हाती घेतलं होतं.

पोरगा वाचला. डोकेदुखी पुढे बरेच दिवस राहिली. सालगड्याने पाडव्याला ते घर सोडलं, आणि तो चुकला असं म्हणणार नाही. आबांनी नातसुनेला विचारलं, "मंग कंदील कायले ठेवू?" ती म्हणाली, "कंदील राहू द्या आबा. पण इंजिन वर, आणि दोर सुटायचा नाही." गाळ नंतर निघाला तो रात्रीच्या लाइनवर पाण्यात बुडणारी मोटार लावून, विहिरीबाहेर उजेड करून.

उन्हाळा येतोय. तुमच्या शिवारातही विहिरी उपसल्या जातील. कंदील विझला तर कुणी उतरू नये. कंदील जळत असला, पण आत इंजिन चालू असेल किंवा नुकतंच बंद झालं असेल, तरी कुणी उतरू नये, कारण इंजिन थांबल्यावरही कार्बन मोनॉक्साइड खोल विहिरीत बराच काळ तसाच राहतो. खाली कुणी पडलाच, तर त्याच्यामागे उतरू नका. दोर ओढा, १०८ ला फोन लावा आणि आत इंजिन होतं हे सगळ्यात आधी सांगा.